दगड, बर्फ आणि तारे वाचणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंपाचे आलेख वाचणं हे माझं रोजचं काम. नवी ओळख झाली की लोक आधी पुढचा भूकंप कधी होणार ते विचारतात. गप्पा रंगल्या की मग मनातले प्रश्न बाहेर येतात : घरी कधी जाता, कंटाळा येत नाही का, चुकलात तर काय होतं, मुलीला या क्षेत्रात घालावं का. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि प्रवासात शेजारी बसलेल्यांनी विचारलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं एका ओळीत संपतात, काहींपाशी मी बराच वेळ रेंगाळले आहे.

पृथ्वी आणि अवकाशाचे शास्त्रज्ञ दिवसभर नेमकं करतात काय?

बहुतेक दिवस खुर्चीत बसून आकडे निवडतात. डोंगर, जहाज, दुर्बीण, रॉकेट हे सगळं खरं आहे, पण ते वर्षातल्या थोड्या दिवसांपुरतं. उरलेला वेळ आलेली नोंद विश्वासाची आहे का, हे तपासण्यात जातो. यंत्र गरम झालं होतं का? घड्याळ मागे पडलं होतं का? हा धक्का जमिनीतून आला की रस्त्यावरून?

मी नवीन होते तेव्हा आमच्या एका केंद्राच्या आलेखावर रोज पहाटे एक बारीक थरथर उमटायची. साधारण तीच वेळ, तीच उंची. आठवडाभर मी तिच्यामागे होते. शेवटी तिथे जाऊन पाहिलं, तर भिंतीपलीकडे पाण्याचा पंप निघाला. माझ्या वरिष्ठांनी तो आठवडा वाया गेला असं म्हटलं नाही. त्यांनी मला वहीत एक ओळ लिहायला लावली : तारीख, वेळ, पंप. आवाज ओळखीचा झाला की त्यातून बिनओळखीचा आवाज वेगळा काढता येतो. या क्षेत्रातला प्रत्येक जण सुरुवातीची वर्षं हेच शिकत असतो.

भूगर्भशास्त्रज्ञ दगड चाटतात, हे खरं आहे?

खरं आहे. ओल्या दगडातले स्फटिक कोरड्यापेक्षा स्वच्छ दिसतात आणि पाण्याची बाटली नेहमी हाताशी नसते. जुन्या हाडाचा जीवाश्म जिभेला चिकटतो, साधा दगड सहसा चिकटत नाही. अगदी बारीक गाळाचा खडक असेल तर कणभर दाताखाली घेतात : कचकच लागली तर गाळ थोडा जाड आहे, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, सौम्य आम्लाची कुपी आणि वही ही बाकीची हत्यारं. आम्लाचा थेंब टाकल्यावर दगड फसफसला की चुनखडी.

हे लोक लहानपणापासूनच ठरवून या वाटेला लागतात का?

काही जण लागतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांना आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्याऐवजी विश्वकोश मागितला. पण अशा गोष्टी ऐकून ज्यांचं मन खट्टू होतं, त्यांना मी कॅरोलिन शूमेकर यांच्याबद्दल सांगते. तीन मुलं मोठी करून, वयाच्या 51व्या वर्षी त्यांनी दुर्बिणीच्या छायाचित्रांवर काम सुरू केलं. एकाच आकाशाचे थोड्या वेळाने घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवून, त्यांत जागा बदललेला ठिपका शोधायचा. त्यांच्या नावावर 32 धूमकेतू आणि पाचशेहून अधिक लघुग्रह आहेत. 1994 मध्ये गुरूवर आदळलेला धूमकेतू त्यांनीच, पती जीन शूमेकर आणि डेव्हिड लेव्ही यांच्याबरोबर, आदल्या वर्षी शोधला होता.

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांची पहिली पदवी इंग्रजी आणि संगीताची. महायुद्धामुळे वर्गातले पुरुष सैन्यात गेले, म्हणून भूगर्भशास्त्राच्या रिकाम्या जागा मुलींना खुल्या झाल्या आणि त्या तिथे शिरल्या. आल्फ्रेड वेगेनर यांची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली, नोकरी हवामानाची आणि नाव झालं ते खंडांच्या सरकण्यामुळे.

गणित कच्चं असेल तर?

मेहनत घ्यावी लागेल. टाळता येत नाही, पण शिकता येतं.

मोठा शोध लागतो तो क्षण कसा असतो?

बाहेरून पाहिलं तर कळणारही नाही इतका साधा. 1967 मध्ये जोसलिन बेल बर्नेल केंब्रिजला पीएचडी करत होत्या. ज्या रेडिओ दुर्बिणीवर त्या काम करत होत्या, तिचे खांब ठोकण्यात आणि तारा ओढण्यात त्यांचे स्वतःचे हात होते. दुर्बीण सुरू झाली आणि रोज जवळपास 30 मीटर कागद बाहेर पडू लागला. तो सगळा त्या डोळ्यांनी वाचत. आपण इथे चुकून आलो आहोत, कधीतरी आपल्याला परत पाठवतील, ही धास्ती मनात होती. त्यामुळे एकही सेंटिमीटर न वाचता सोडायचा नाही असा त्यांचा नेम. अशाच एका कागदावर अर्ध्या सेंटिमीटरएवढी विस्कटलेली रेघ दिसली. ताऱ्याची खूण अशी नसते, माणसाने केलेल्या गोंगाटाचीही नसते. ती सोडून दिली असती तर कुणी विचारलंही नसतं. कागद वेगाने फिरवून पुन्हा नोंद घेतली तेव्हा रेघेतून ठोके वेगळे झाले : साधारण 1.3 सेकंदांनी एक, घड्याळासारखा नेमका. तो पहिला पल्सार, म्हणजे वेगाने फिरताना ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा.

त्या शोधाचं नोबेल 1974 मध्ये त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, त्यांना नाही. 2018 मध्ये दुसऱ्या एका पुरस्काराचे तीस लाख डॉलर मिळाले, ते त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहजी जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले.

बर्फाचे अभ्यासक क्लोद लोरिउस यांची गोष्ट वेगळी. 1965, अंटार्क्टिका. दिवसभर बर्फात भोक पाडून झाल्यावर त्यांनी संध्याकाळी गाभ्यातले, म्हणजे भोकातून काढलेल्या बर्फाच्या लांब कांडीतले, तुकडे व्हिस्कीच्या पेल्यात टाकले. बर्फ विरघळताना त्यातून बुडबुडे फुटत होते. ही हवा हिमवर्षावाबरोबर कोंडलेली, म्हणजे तेव्हाचं वातावरण जसंच्या तसं आत बसलेलं, हे त्यांच्या मनात तिथे आलं. पुढे त्याच विचारावर खोल बर्फाचे गाभे काढले गेले आणि आज आपल्याला आठ लाख वर्षांची हवा मोजता येते.

आणि शोध कुणी मानलाच नाही तर?

हे फार वेळा घडलं आहे आणि त्याचे घाव खोल असतात. सिसिलिया पेन यांनी 1925 च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्या काळच्या सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञांपैकी एकाने, हेन्री नॉरिस रसेल यांनी, हे अशक्य म्हटलं. म्हणून हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असं पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले.

मेरी थार्प यांना जहाजावर जायची परवानगी नव्हती. त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन आणि इतर लोक समुद्रातून खोलीचे आकडे आणत. थार्प जमिनीवर टेबलाशी बसून ते आकडे कागदावर उतरवत. अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना एक खोल चीर दिसली, एका छेदात नव्हे, सगळ्यांत. समुद्रतळ तिथे फाटतो आहे असा त्याचा अर्थ होत होता. हीझेन यांनी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावलं. थार्प यांनी वाद घातला नाही, पुन्हा आकडे काढले. दरम्यान त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर टाकली जात होती. एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला तेव्हा भूकंप नेमके त्या चिरेत बसले. मी भूकंपाच्या बाजूची आहे, म्हणून असेल, पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला तो कागद मला फार जवळचा वाटतो. 1968 मध्ये थार्प यांना पहिल्यांदा जहाजावर जायला मिळालं. तोवर महासागरांचे त्यांचे नकाशे छापून झाले होते.

घरच्यांचं काय होतं?

नोकरी एका माणसाची, पण तिचं वेळापत्रक अख्ख्या घराला लागू होतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा. नवं यान उतरलं की पहिले तीनेक महिने त्यावर काम करणारी मंडळी मंगळाच्या घड्याळाने राहतात : आज सकाळी आठला कामावर, तर उद्या आठ चाळीसला, दोन आठवड्यांत रात्रपाळी. खिडक्यांना जाड काळे पडदे लावायचे आणि जेवणाच्या वेळी झोपायचं. 2012 मध्ये क्युरिऑसिटी उतरलं, तेव्हा एका फ्लाइट डायरेक्टरच्या बायको-मुलांनी शाळा सुरू होईपर्यंत बाबांच्याच वेळेने जगायचं ठरवलं आणि जवळपास महिनाभर सगळं घर मंगळावर राहिलं.

दोघंही एकाच क्षेत्रात असतील तर वेगळाच पेच पडतो, कारण दोघांना एका शहरात नोकरी मिळणं कठीण. शूमेकर दांपत्याने त्यावर एकत्र फिरण्याचा मार्ग काढला. उल्कांची विवरं शोधायला दोघं दरवर्षी ऑस्ट्रेलियात जात. 1997 मध्ये तिथेच मोटार अपघातात जीन गेले. त्यांना चंद्रावर जायचं होतं, पण अधिवृक्क ग्रंथींच्या आजारामुळे अंतराळवीर होता आलं नव्हतं. त्यांच्या अस्थींचा काही भाग लुनार प्रॉस्पेक्टर यानातून गेला आणि 31 जुलै 1999 रोजी यानाबरोबर चंद्रावर पोचला.

लांबच्या मोहिमेचं टोकाचं उदाहरण मात्र फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गिओम ल जॉन्ती यांचं. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहायला ते 1760 मध्ये फ्रान्सहून पाँडिचेरीला निघाले. वाटेत कळलं की शहर इंग्रजांनी घेतलं आहे. अधिक्रमणाच्या दिवशी ते समुद्रात होते, आकाश स्वच्छ, पण हलत्या जहाजावरून काही मोजता येईना. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी होतं. ते याच भागात थांबले. 1769 ला पाँडिचेरीत वेधशाळा उभारून तयार बसले आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. 1771 मध्ये घरी पोचले तर त्यांना मृत समजून वारस मालमत्तेच्या मागे लागले होते आणि अकादमीतली त्यांची जागा दुसऱ्याला गेली होती.

या कामात जीवाला धोका असतो का?

बहुतेकांना नसतो. ज्वालामुखीच्या लोकांना असतो. 18 मे 1980 रोजी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला तेव्हा तीस वर्षांचे ज्वालामुखीतज्ज्ञ डेव्हिड जॉन्स्टन शिखरापासून सुमारे दहा किलोमीटरवरच्या निरीक्षण चौकीवर होते. ती चौकी आदल्या संध्याकाळपर्यंत हॅरी ग्लिकन सांभाळत होते. त्यांना दुसऱ्या कामासाठी जायचं होतं, म्हणून जॉन्स्टन आले. ग्लिकन यांनी पुढची वर्षं त्याच उद्रेकात कोसळलेल्या डोंगराच्या ढिगाऱ्याचा अभ्यास करण्यात घालवली. 3 जून 1991 रोजी जपानमधल्या उनझेनवर तप्त राखेचा लोट आला. त्यात गेलेल्या 43 जणांमध्ये ग्लिकन होते आणि त्यांच्यासोबत मोरिस व कातिया क्राफ्त हे जोडपंही. क्राफ्त दांपत्याने अशाच लोटांचं चित्रीकरण करून इशारा देणारी फीत बनवली होती. त्याच दिवसांत ती फिलिपिन्समध्ये पिनाटुबोच्या परिसरात अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली जात होती. बारा दिवसांनी पिनाटुबो फुटला. तोवर हजारो लोक तिथून हललेले होते. हे लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं.

अंदाज चुकला तर शास्त्रज्ञाला शिक्षा होते?

एकदा झाली होती. इटलीतल्या लाक्विला शहरात 2009 च्या भूकंपात 309 माणसं गेली. त्याआधी छोटे धक्के बसत होते आणि लोकांना निर्धास्त राहायला सांगितलं गेलं, असा आरोप ठेवून 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. भूकंपाची तारीख-वेळ सांगणारी पद्धत आज कुणाकडेच नाही. पण आम्ही लोकांशी कसं बोलतो, याची जबाबदारी आमचीच आहे आणि तिथे आम्ही कमी पडतो, हे मी मान्य करते. ‘धोका कमी आहे’ आणि ‘धोका नाही’ यांतला फरक घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही. तो आम्ही दहा वेळा, सोप्या शब्दांत सांगायला हवा.

एकाच मोहिमेत किती वर्षं जातात?

सहज वीस. प्लूटोकडे गेलेलं न्यू होरायझन्स 2006 मध्ये निघालं आणि 14 जुलै 2015 रोजी प्लूटोजवळून काही तासांत पुढे गेलं. ते यान मंजूर व्हावं म्हणून त्याआधी कित्येक वर्षं खटपट चालली होती. भेटीच्या दहा दिवस आधी यानाशी संपर्क तुटला. ते पूर्ववत होईपर्यंत लोक ऑफिसातच झोपले. त्या काही तासांत जमवलेली माहिती पृथ्वीवर उतरवून घ्यायला पुढे सव्वा वर्ष लागलं.

एड स्टोन 1972 पासून 2022 पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, दूरच्या ग्रहांकडे धाडलेल्या दोन यानांच्या व्हॉयेजर मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ होते. 2023 च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर 1 अर्थहीन आकडे पाठवू लागलं. एक मेमरी चिप निकामी झाली होती. यानापर्यंत निरोप जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. पन्नास वर्षांपूर्वीचे कागद चाळून, त्या चिपमधला प्रोग्रॅम तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला गेला. एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं.

इतकी वर्षं घालून यान नष्ट झालं तर?

होतं. 1999 मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हरवलं, कारण एका गटाचे आकडे पाउंडात होते आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटन समजून वापरले. अशा दिवसानंतर लोक दुसऱ्या दिवशी कामावर येतात आणि चौकशीचे कागद काढतात. 2019 ला चांद्रयान 2 चं लँडर उतरताना कोसळलं. त्या घसरणीच्या शेवटच्या मिनिटांची नोंद तपासून केलेले बदल घेऊन 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान 3 उतरलं.

तेच ते रोज मोजण्यात काय अर्थ आहे?

हा प्रश्न पैसे देणारेही विचारतात आणि म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग तरुणपणी हवेचे नमुने घ्यायला रात्री स्लीपिंग बॅगमधून उठून उठून बाहेर जात. 1958 मध्ये त्यांनी हवाईच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा आकडा होता दशलक्ष भागांत सुमारे 313. पैसे थांबल्यामुळे 1964 मध्ये त्या आलेखात काही महिन्यांची फट पडली, ती आजही दिसते. 2005 मध्ये कीलिंग गेले, त्यांचा मुलगा राल्फ यानेही हेच काम हाती घेतलं आहे. आकडा 420 च्या पुढे गेला आहे. एखाद्या वर्षाचा आकडा पाहून यातलं काही कळलं नसतं.

अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावर 1950च्या दशकापासून ओझोन मोजत होते. कुणाला त्यात रस नव्हता. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना त्या नोंदींत वसंतातला ओझोन घसरत चाललेला दिसला; 1985 मध्ये त्यांनी तो निबंध छापला. उपग्रहालाही हे आकडे मिळाले होते, पण इतके कमी कसे असतील म्हणून संशयास्पद अशी खूण करून ते ठेवले गेले होते. दोन वर्षांत ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा मॉन्ट्रियल करार झाला.

मुलीला या क्षेत्रात घालावं का?

तिला आवड असेल तर जरूर. वाट आता थार्प यांच्या काळासारखी बंद नाही, तरी सपाटही नाही. ॲना मणी यांचं संशोधन पूर्ण असूनही एमएस्सी नाही म्हणून पीएचडी नाकारली गेली. त्या ब्रिटनमध्ये हवामानाची उपकरणं शिकल्या, 1948 मध्ये परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि आयात होणारी उपकरणं इथेच बनावीत म्हणून शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे त्यांनी तयार करवून घेतले. मुलीला एवढंच आधी सांगा की पीएचडीनंतर बरीच वर्षं दोन-तीन वर्षांच्या करारांवर, गावं बदलत काढावी लागतात. ते कळून निवडलं तर पुढे कडवटपणा येत नाही.

शास्त्रज्ञ स्वतः चंद्रावर गेला आहे का?

एकच. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 मधून गेलेले भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट. चालता चालता बुटाने धूळ सरकली आणि खाली नारिंगी माती दिसली. पुढे ती प्राचीन ज्वालामुखीच्या काचेचे मणी निघाली.

निवृत्तीनंतर हे लोक काय करतात?

डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांचं उत्तर मला सर्वांत आवडतं. 1929 च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या लहरी जिथे पोचायलाच नको तिथे उमटल्या होत्या. लेमन यांनी नोंदींची कार्डं ओटमीलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत लावली आणि बागेत टेबल मांडून ती चाळत बसत. 1936 मध्ये त्यांनी दाखवलं की पृथ्वीच्या द्रव गाभ्यात आणखी एक वेगळा गाभा आहे. 1953 मध्ये निवृत्त झाल्यावर कचेरीची कामं सुटली आणि संशोधनाला हवा तेवढा वेळ मिळाला. प्रावरणातल्या, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या थरातल्या, सुमारे 220 किलोमीटर खोलीवरच्या बदलाचं काम त्यानंतरचं. 104 वर्षं जगल्या.

आज जमवलेला नमुना पुढे कुणाच्या उपयोगी पडतो?

अपोलो 17 ने आणलेली मातीची एक नळी चंद्रावरच निर्वात बंद केली होती आणि इथे आल्यावर मुद्दाम उघडली नाही, पुढे अधिक चांगली यंत्रं येतील म्हणून. ती 2022 च्या मार्चमध्ये उघडली. आतला वायू निसटू नये म्हणून तिच्या बंद डब्याला भोक पाडायचं खास अवजार बनवलं होतं. उघडणाऱ्यांपैकी काही जण नळी भरली गेली तेव्हा जन्मलेही नव्हते. आधी वायू कुप्यांत भरून घेतला, मग थोडी थोडी माती बाहेर काढली आणि प्रत्येक कण कोणत्या खोलीवरचा, ते लिहून ठेवलं.